उडत्या पक्ष्यांचे जुने रेखाटन कसे पाहावे: लिओनार्दोच्या वहीपासून सुरुवात

लिओनार्दो दा विंचीने पक्ष्यांच्या उड्डाणावर लिहिलेली छोटी वही इटलीतील तोरिनो शहराच्या बिब्लिओतेका रेआले या ग्रंथालयात जतन केलेली आहे. ती साधारण १५०५ साली, त्याने वयाची पन्नाशी ओलांडल्यानंतर लिहिली गेली. तिची पाने अठरा असून प्रत्येक पान सुमारे २१ सेंटिमीटर उंच आणि १५ सेंटिमीटर रुंद आहे. नावाच्या दबदब्यामुळे मोठ्या अपेक्षेने ही पाने उघडणाऱ्या नवख्या रसिकाची बहुधा पहिल्यांदा निराशा होते, कारण पानभर बारीक, न वाचता येणारा मजकूर असतो आणि समासात जेमतेम काही सेंटिमीटरांचे, दोन-चार फटकाऱ्यांत उमटलेले पक्षी असतात. त्यांना धड डोळे नसतात, रंग नसतो आणि पिसेही मोजता येत नाहीत.

ही निराशा टाळण्यासाठी एक गोष्ट आधीच ध्यानात घेतलेली बरी. लिओनार्दो या पानांवर पक्ष्याचे रूप टिपत नव्हता. हवेत असलेले एक वजनदार शरीर खाली का पडत नाही, वारा बदलला की ते स्वतःला कसे सावरते आणि पंख न हलवता वर कसे चढते, या प्रश्नांची उत्तरे तो लेखणीने शोधत होता. रेखाटनाकडे ‘हा कोणता पक्षी?’ असे विचारत गेल्यास ते फारसे बोलत नाही, पण ‘या क्षणी याचा तोल कुठे आहे?’ असे विचारले की तेच चार फटकारे भरभरून बोलू लागतात. पुढच्या सर्व पायऱ्या या एका प्रश्नाभोवती बांधलेल्या आहेत.

पहिली पायरी: योग्य प्रतिमा मिळवावी

मूळ वही प्रत्यक्ष पाहण्याची संधी फार थोड्यांना मिळते. कागदावरील जुन्या शाईला आणि खडूला प्रकाश बाधतो, त्यामुळे अशी पाने मोजक्या काळापुरती आणि साधारण ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात मांडण्याची पद्धत आहे. म्हणून बहुतेकांचा अभ्यास चांगल्या छायाप्रतीवरच होतो, आणि त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. मात्र ती प्रत निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. प्रतिमेत पानाच्या चारही कडा दिसल्या पाहिजेत. पानाचे खरे माप सोबत दिलेले असले पाहिजे. आणि कागदाचा मूळ पिवळसर-तपकिरी रंग कायम असला पाहिजे. भिंतीवर लावण्यासाठी छापलेल्या चित्रांत अनेकदा एकच पक्षी कापून घेतलेला, मोठा केलेला आणि शुभ्र पार्श्वभूमीवर गडद काळ्या रेघेत बसवलेला असतो. अशा प्रतीत रेघेचा जाड-बारीकपणा, शाईचे फिकट होत जाणे आणि पक्ष्याचे मजकुराशी असलेले नाते हे तिन्ही नाहीसे होते, आणि समजून घेण्यासारखे जे काही असते ते बहुतांशी याच तीन गोष्टींत असते.

प्रतिमा उलटी तर छापलेली नाही ना, हेही तपासावे. लिओनार्दो डावखुरा होता आणि आपल्या टिपणांत तो उजवीकडून डावीकडे, आरशात दिसावी तशी उलटी अक्षरे लिहीत असे. छाया दाखवण्यासाठी तो ज्या समांतर तिरप्या रेघा ओढतो त्या बहुधा वर डावीकडून खाली उजवीकडे उतरतात, कारण डाव्या हाताला तीच दिशा सोयीची पडते. एखाद्या छायाप्रतीत मजकूर डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येत असेल आणि छायेच्या रेघाही विरुद्ध दिशेला झुकलेल्या असतील, तर ती प्रतिमा छपाईत उलटलेली आहे असे समजावे. उड्डाणाच्या रेखाटनात ही चूक किरकोळ राहत नाही, कारण डावा पंख उजवा होतो, वाऱ्याची बाजू बदलते आणि सोबतच्या मजकुराशी चित्राचा मेळ बसेनासा होतो.

दुसरी पायरी: आधी सबंध पान, मग पक्षी

पहिली काही मिनिटे कोणत्याही पक्ष्यावर नजर न रोखता सबंध पान पाहावे. मजकुराचा ठोकळा किती दाट आहे, रेखाटनांसाठी समास किती सोडला आहे, पक्षी एकाखाली एक उतरत गेले आहेत की विखुरले आहेत, हे पाहताच लेखकाच्या कामाची रीत कळू लागते. चित्र आणि मजकूर एकाच शाईत आणि एकाच हाताने शेजारी-शेजारी वाढत गेले आहेत. कित्येक ठिकाणी आकृतीतील बिंदूंना अक्षरे दिलेली आहेत आणि मजकूर त्या अक्षरांचा उल्लेख करीत पुढे सरकतो. त्यामुळे या पक्ष्याला शोभेसाठी काढलेले चित्र मानण्यापेक्षा युक्तिवादातील एक विधान मानणे अधिक योग्य आहे.

वहीची आरंभीची पाने पाहिल्यास ही गोष्ट अधिक ठसते, कारण तिथे पक्षी जवळजवळ नाहीतच. वजन, तराजू, गुरुत्वकेंद्र यांच्या आकृत्या आणि त्यांवरची टिपणे आहेत. अनेक वाचक ही पाने कंटाळवाणी म्हणून उलटून टाकतात. माझे मत असे की किमान एकदा ती थांबून पाहावीत, कारण तराजूच्या दोन पारड्यांचा विचार करणारा माणूसच पुढे पक्ष्याच्या दोन पंखांचा तसा विचार करतो आहे हे तिथेच उमगते.

काही पानांवर शाईच्या मजकुराखाली लाल खडूची आधीची रेखाटने दिसतात. त्यांपैकी एक झाडाचे पान आहे, तर एका ठिकाणी माणसाचा चेहरा आहे. उड्डाणाची टिपणे त्यांच्यावरूनच लिहीत नेलेली आहेत. चांगल्या प्रतिमेत हा लालसर थर स्पष्ट ओळखता येतो. तो पक्ष्याचा भाग नाही हे वेगळे काढायला शिकणे हा नजरेचा उत्तम सराव आहे.

तिसरी पायरी: रेघ वाचावी

आता एकच पक्षी निवडावा आणि शक्यतो मूळ मापात, मग भिंगातून किंवा मोठा करून पाहावा. ही सर्वांत सावकाश करायची पायरी आहे.

रेखाटन पिसाच्या लेखणीने केलेले आहे. पिसाचे टोक मधोमध चिरलेले असते. हात दाबला की चिरेच्या दोन बाजू फाकतात आणि रेघ रुंद होते, दाब कमी केला की त्या जवळ येतात आणि रेघ केसासारखी बारीक होते. त्या काळातील लेखनाची शाई बहुतेक वेळा माजूफळ आणि लोहाचा क्षार यांपासून केलेली असे. लिहिताना ती काळसर होत जाते आणि शतके लोटल्यावर तपकिरी पडते. म्हणजे आज दिसणारा ऊबदार तपकिरी रंग ही बऱ्याच अंशी काळाची करणी आहे, आणि चित्रकाराने तो मुद्दाम योजला असे समजू नये.

एका रेघेवर नजर ठेवून तिचा आरंभ आणि शेवट शोधावा. लेखणी कागदावर टेकली तिथे बहुधा शाईचा किंचित दाट ठिपका असतो, आणि हात उचलला तिथे रेघ निमुळती होऊन विरते. पंखाची पुढची कड एकाच झटक्यात ओढलेली आहे की दोन-तीनदा थांबून? शरीर आधी आले की पंख? पंखाच्या मागच्या बाजूला पिसांसाठी आखूड फटकारे मारले असतील, तर ते आतून बाहेर गेले आहेत की बाहेरून आत? या प्रश्नांची उत्तरे मिळू लागली की स्थिर चित्राऐवजी हाताची हालचाल दिसायला लागते. उड्डाणासारख्या विषयात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण चांगल्या रेखाटनात हाताचा वेग आणि पक्ष्याचा वेग एकमेकांशी जुळलेले असतात. पंखाची पुढची कड ताणलेली आणि निःशंक असते, तर शेपटीपाशी रेघ मोकळी सुटते.

एकाच कडेवर दोन-तीन रेघा आढळल्या तर त्या चुका म्हणून बाजूला सारू नयेत. जुन्या काळात कागदावर उमटलेली शाई सहज पुसता येत नसे, म्हणून कलावंत पहिली रेघ तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी ओढत असे. पहिली रेघ पंखाला एक कोन देते, दुसरी थोडा वेगळा कोन देते, आणि दोन्ही मिळून त्याला कोणत्या गोष्टीची शंका होती ते आपल्याला सांगतात. माझ्या दृष्टीने अशी दुहेरी कड असलेला पक्षी पानावरच्या सफाईदार पक्ष्यापेक्षा अधिक मोलाचा असतो.

छायेच्या तिरप्या रेघांकडेही असेच पाहावे. त्या पंखाच्या खालच्या बाजूला आहेत की वरच्या? खालच्या बाजूला असल्यास पंख आपल्याकडे वर उचललेला असून आपण त्याचा तळ पाहतो आहोत, असा अर्थ निघू शकतो. मोजक्या समांतर रेघांनी पंखाचा कोन आणि पाहणाऱ्याची जागा या दोन्ही गोष्टी सांगणे सोपे नाही.

चौथी पायरी: वारा शोधावा

उडत्या पक्ष्याच्या चित्रात सर्वांत मोठी गोष्ट अदृश्य असते, ती म्हणजे हवा. लिओनार्दोच्या टिपणांचा बराचसा भाग हवेविषयीच आहे. वारा पंखाच्या खालून लागला तर काय होते, वरून लागला तर काय होते, एका बाजूने जोराचा झोत आला आणि पक्षी उलटू पाहू लागला तर तो पंख आणि शेपटी वळवून स्वतःला कसा सावरतो, याची एकेक शक्यता तो पुढे मांडत जातो. त्यामुळे समासातील प्रत्येक पक्ष्यासाठी वारा कोणत्या बाजूने येतो आहे, हे आपण स्वतः ठरवून पाहावे.

त्यासाठी शरीराची स्थिती क्रमाने तपासावी. दोन्ही पंख सारखे पसरलेले आहेत की एक आखडलेला आहे? पक्षी एका अंगावर कललेला आहे का? शेपटी पंख्यासारखी उघडली आहे की मिटलेली आहे, आणि ती शरीराच्या पातळीत आहे की वळलेली? चोच शरीराच्या रेषेतच आहे की खाली झुकली आहे? पंखाच्या मनगटापाशी, म्हणजे जिथे पंख बाकदार होतो तिथे, पिसांचा एक लहानसा स्वतंत्र जुडगा असतो. माणसाच्या अंगठ्याच्या जागी असलेला हा अवयव आकाराने क्षुल्लक दिसला तरी पक्षी हळू उडताना त्याचा मोठा उपयोग होतो. लिओनार्दोने त्याची दखल घेतली होती आणि त्याच्या कार्याविषयी लिहिले होते, हे वाचल्यावर त्याच्या निरीक्षणाची खोली लक्षात येते.

यानंतर पक्ष्याच्या शरीरातील वजनाचे केंद्र कुठे असेल याचा अंदाज करावा आणि हवेचा आधार ज्या जागी एकवटतो तो बिंदू त्याच्या पुढे पडतो की मागे, ते पाहावे. हे दोन बिंदू एकाच ठिकाणी नसतात आणि पक्षी त्यांच्यातील अंतर सतत बदलून वर किंवा खाली वळतो, ही जाणीव या वहीतील सर्वांत लक्षणीय गोष्टींपैकी एक आहे. हवा उचल कशी देते याविषयीची लिओनार्दोची कल्पना मात्र आजच्या शास्त्राशी पूर्णपणे जुळत नाही. पंखाखाली हवा दाबली जाऊन घट्ट होते आणि ती पक्ष्याला पेलते, असे तो मानत होता. हे माहीत असावे, पण त्यामुळे रेखाटनाचे मोल कमी होत नाही, कारण स्पष्टीकरण अपुरे असले तरी पंखाचा कोन त्याने पाहून काढलेला आहे.

त्याने कोणते पक्षी निवडले यालाही कारण आहे. लहान पक्ष्यांच्या पंखांची फडफड माणसाच्या डोळ्याला सुटी करून पाहता येत नाही. ती गोठवून दाखवण्याचे साधन फार उशिरा आले: एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला, जो एका सेकंदात बारा छायाचित्रे घेई, आणि त्याने उडते पक्षी टिपले. त्याच्या पावणेचारशे वर्षे आधी केवळ डोळ्यांवर विसंबणाऱ्या माणसाला पंख पसरून तरंगणारे मोठे पक्षीच उपयोगाचे होते. लिओनार्दोच्या लेखनात घारीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, तो त्यामुळे स्वाभाविक वाटतो. याच वहीत एका शिकारी पक्ष्याची नोंद आहे, जो त्याने १४ मार्च १५०५ रोजी फ्लॉरेन्सजवळच्या फिएसोले या डोंगरगावाकडे जाताना पाहिला. तारीख, वाट आणि पक्षी अशी ही साधी नोंद वाचली की समासातील रेघांमागे खरोखरीचे आकाश होते याची खात्री पटते.

पाचवी पायरी: मजकुराची मदत घ्यावी, पण उशिरा

वर सांगितलेला अंदाज स्वतः करून झाल्यावरच मजकुराचा अनुवाद वाचावा. क्रम उलटा केला तर डोळे काम करण्याचे थांबवतात आणि वाचलेले तेवढेच चित्रात दिसू लागते. अनुवाद वाचताना आपला वाऱ्याचा अंदाज कुठे बरोबर ठरला आणि कुठे चुकला ते शेजारी लिहून ठेवावे. मूळ अक्षरांची ठेवण पाहायची असेल तर पानासमोर आरसा धरावा. इटालियन येत नसले तरी अक्षरांचा ओघ सरळ झालेला पाहणे उद्बोधक असते.

ही टिपणे कशासाठी होती, हेही मजकुरातून कळते. माणसाला उडता यावे असे यंत्र लिओनार्दोच्या मनात होते. यंत्राने पुरेशा उंचीवरून उडावे, म्हणजे ते उलटलेच तर जमिनीवर आदळण्यापूर्वी सावरण्यास अवधी मिळेल, अशी काळजीही त्याने लिहून ठेवली आहे. फिएसोलेजवळच्या मोंते चेचेरी या टेकडीवरून तो ‘महापक्षी’ पहिली झेप घेईल, अशा आशयाचे वाक्यही या वहीत आहे. तोल गमावणे आणि परत मिळवणे यावर त्याने इतकी पाने का खर्च केली, याचे उत्तर इथे मिळते: त्या पंखांखाली उद्या माणूस असणार होता.

सहावी पायरी: नक्कल करावी

चित्रकला येत नसली तरी ही पायरी गाळू नये. निवडलेला पक्षी मूळ मापातच, पेन्सिलीने किंवा शाईच्या पेनाने उतरवून पाहावा. ट्रेसिंग करू नये, कारण त्यात हात फक्त कडेमागे फरफटतो. मूळ रेखाटनात हात किती वेळा उचलला गेला असेल ते आधी मोजावे आणि तितक्याच फटकाऱ्यांत पक्षी बसवण्याचा प्रयत्न करावा. पहिल्या नकला बहुधा जड आणि चिकटलेल्या दिसतात. ते अपेक्षितच आहे. महत्त्वाचे हे की आपला पक्षी नेमका कुठे ‘पडतो’ ते शोधावे. बहुतेक वेळा पंखाची पुढची कड किंचित अधिक वाकवलेली असते, किंवा दोन्ही पंख अजाणता सारखे काढलेले असतात. मूळ रेखाटनातील असमानता हीच पक्ष्याला हवेत धरून ठेवते, हे हाताला एकदा कळले की डोळा ते विसरत नाही.

त्यानंतर मोकळ्या आकाशाखाली तरंगणारा कोणताही मोठा पक्षी पाहावा. घार, गरुड, समुद्रपक्षी, जो दिसेल तो चालेल. पाहताना काढू नये. एक वळण पूर्ण पाहून घ्यावे, नजर कागदाकडे वळवावी आणि आठवणीतून फक्त तीन गोष्टी नोंदवाव्यात: शरीराचा कल, दोन्ही पंखांचे कोन आणि शेपटीचा पीळ. परत येऊन लिओनार्दोचे पान उघडल्यास काल निरर्थक वाटलेला एखादा फटकारा आज ओळखीचा वाटतो.

सातवी पायरी: तुलना आणि पुढचे वाचन

एकाच कलावंतात फार काळ अडकून राहू नये. लिओनार्दोचा समकालीन जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूरर याने चर्मपत्रावर जलरंगात केलेला नीलपंख पक्ष्याचा पंख व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्यात प्रत्येक पीस, प्रत्येक रंगछटा अपार निष्ठेने टिपलेली आहे, परंतु तो पंख शरीरापासून वेगळा केलेला आणि निश्चल आहे. लिओनार्दोच्या समासातील पक्ष्याजवळ यातले काहीच नाही, तरी तो उडतो. या दोघांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याची गरज नाही; ड्यूररला पंख कसा असतो हे दाखवायचे होते, लिओनार्दोला पंख काय करतो हे समजून घ्यायचे होते. दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवून पाहिल्यास रेखाटनाची निवड हेतूवर कशी अवलंबून असते ते कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर कळते.

पानांचा प्रवासही थोडा जाणून घ्यावा, कारण प्रतिमेवरील शिक्के, क्रमांक आणि कडांचे घाव त्यातून उलगडतात. ही वही एकेकाळी पॅरिसच्या आँस्तित्यू द फ्रान्स या विद्वत्संस्थेत होती. १९व्या शतकात गुल्येल्मो लिब्री या ग्रंथतस्कराने ती तिथून चोरली आणि तिची पाने विखुरली. रशियन संग्राहक फ्योदोर साबाश्निकोव्ह याने बहुतांश पाने मिळवून ती १८९३ साली प्रकाशित केली आणि नंतर इटलीच्या राजघराण्याला भेट दिली. उरलेली पाने पुढे टप्प्याटप्प्याने येऊन मिळाली. त्यामुळे एखाद्या जुन्या छापील आवृत्तीत पाने कमी आढळली तर आश्चर्य वाटू नये, आणि पूर्ण अठरा पानांची प्रतिकृतीच अभ्यासासाठी निवडावी.

तोरिनोच्या वहीचा परिचय झाला की पॅरिसमध्येच राहिलेल्या, ‘ई’ या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखिताकडे वळावे. ते साधारण १५१३ नंतरचे, म्हणजे लिओनार्दोच्या उतारवयातील आहे. त्यातही पक्ष्यांची लहान रेखाटने आणि वाऱ्यावरची टिपणे आहेत. दोन्ही हस्तलिखितांतून वर चढणारा एकेक पक्षी निवडावा आणि तिसऱ्या व चौथ्या पायरीतील प्रश्न त्यांना ओळीने विचारावेत. अनुवाद, नेहमीप्रमाणे, सर्वांत शेवटी उघडावा.